रंगाचे माहेर

नोकरीची एकतीस वर्षे मी पांढरी लोकर उकळण्यात घालवली, असे सांगितले तर ऐकणारा मला एखाद्या गिरणीतला रंगारी समजेल. वस्तुतः माझी नेमणूक होती ती जिल्ह्याच्या गावी, सरकारी प्रयोगशाळेत, अन्नपदार्थांतील भेसळ तपासण्याच्या कामावर. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याचा अंमल होता तेव्हा निरीक्षकाने एखाद्या दुकानातून जिलबी, बुंदी, रंगीत बडीशेप किंवा सरबताची बाटली साक्षीदारांसमक्ष ताब्यात घ्यावी, तिचे तीन भाग करून त्यांवर मोहर उठवावी, आणि त्यांपैकी एक भाग जावक क्रमांकासह आमच्या टेबलावर येऊन पडावा, असा शिरस्ता होता. नमुना रंगीत असला की त्याचे पाणी करून त्यात आम्ही आम्ल मिसळत असू, तेलकटपणा काढलेल्या पांढऱ्या लोकरीचा वीतभर धागा त्यात सोडत असू आणि ते पाणी तापवीत असू. रंग कोळशाच्या डांबराच्या वंशातला असेल तर तो पाण्याची संगत सोडून धाग्यावर येऊन बसे. मग धागा धुऊन, अमोनियाच्या सौम्य पाण्यात उकळून, तोच रंग पुन्हा उतरवून घ्यायचा आणि गाळणकागदावर चढवून त्याची जात ओळखायची. वनस्पतींपासून निघणाऱ्या रंगांना ही चढ-उतार सहसा साधत नाही. निघालेला रंग सरकारी यादीतला आणि प्रमाणात असला तर दुकानदार सुटे; यादीबाहेरचा, म्हणजे डाळीला आणि हळदीला फासतात तो मेटॅनिल यलो वगैरे असला, तर आमचा अहवाल कोर्टाच्या दप्तरी दाखल होई.

हा धागा बाजारात विणकामासाठी मिळते त्याच साध्या पांढऱ्या लोकरीचा असे. सौभाग्यवतींना ही गोष्ट ठाऊक होती, आणि निवृत्तीच्या दिवशी सत्काराचा नारळ घेऊन मी घरी आलो तेव्हा त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न असा होता : ‘‘इतकी वर्षे लोकर हाताळलीत, एका मोज्यापुरती तरी घरी आणलीत का?’’ सरकारी मुद्देमालाच्या नियमांचा हवाला देऊन मी वेळ मारून नेली. त्या प्रश्नाचे खरे उत्तर मला यंदाच्या उन्हाळ्यात, अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या लिंकन शहरी, मुलीच्या स्वयंपाकघरात मिळाले.

*

जुलै महिन्यात तिकडच्या शाळांना सुटी असते, आणि मक्याच्या शेतांवरून येणारा वारा आपल्या वैशाखाची आठवण करून देतो. नऊ वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू यांना दिवसभर घरात गुंतवून ठेवणे हे एखादे खाते चालवण्याइतके जोखमीचे काम आहे, हे दोन दिवसांत आमच्या ध्यानी आले. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीने टेबलावर जुनी वर्तमानपत्रे अंथरली, त्यांवर न रंगवलेल्या लोकरीच्या तीन लड्या ठेवल्या, आणि शेजारी पत्त्यांच्या कॅटासारख्या कागदी पुड्यांचा गठ्ठा मांडला. पुड्यांवर हसऱ्या चेहऱ्याचा काचेचा घडा छापलेला होता. ‘‘आजोबा,’’ नात म्हणाली, ‘‘आज आपण कूल-एडने लोकर रंगवणार.’’

कूल-एड म्हणजे सरबताची पूड. साखर घातलेली येते तशी बिनसाखरेचीही येते, आणि रंगकामाला ही दुसरीच लागते, कारण साखरेने धागा चिकट होण्यापलीकडे काही साधत नाही. एक पुडी पाव औंसाहूनही हलकी; तीत असतात सायट्रिक आम्ल, स्वाद आणि रंग. मी चष्मा पुसून पुडीच्या पाठीवरचा बारीक मजकूर वाचला, आणि जुन्या ओळखीची नावे एकामागून एक भेटत गेली. चेरीच्या पुडीत रेड ४०. लिंबाच्या पुडीत यलो ५, ज्याला आमच्या प्रयोगशाळेत टार्ट्राझीन म्हणत आणि जो आपल्याकडेही ठरावीक पदार्थांत ठरावीक प्रमाणात चालतो. द्राक्षाच्या पुडीत रेड ४० बरोबर ब्लू १. रंग, आम्ल, पांढरी लोकर आणि विस्तव ही चौकडी ज्या टेबलावर जमली त्या टेबलावर एकतीस वर्षे मी लोकांच्या अपराधाचा निवाडा केला होता, आणि येथे दोन मुले ओट्यापाशी स्टुलांवर उभी राहून तिचा खेळ मांडू पाहत होती.

कृती अशी. लडी सुटून गुंता होऊ नये म्हणून तिला चार ठिकाणी पांढऱ्या सुती दोऱ्याने सैलसर बांधायचे, बांधताना दोरा लडीतून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा ओवून घ्यायचा. मग भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात ती अर्धा तास भिजू द्यायची, कारण कोरडी लोकर पाणी झिडकारते आणि रंग डागाडागांनी बसतो. रंगाचे प्रमाण साधारणपणे औंसाला एक पुडी, म्हणजे शंभर ग्रॅमच्या लडीला तीन ते चार. फिकट छटा हवी असेल तर कमी. आम्ल पुडीतच असल्यामुळे वेगळा व्हिनेगर लागत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, पाण्यात पुड्या, त्यात पिळून घेतलेली ओली लडी, आणि खाली मंद आच. पाण्याला वाफा याव्यात परंतु खळखळ उकळी फुटू नये. विस्तवाजवळचे काम मोठ्यांचे, पुड्या फोडण्याचे आणि रंग ठरवण्याचे मुलांचे, अशी मुलीने रीतसर वाटणी करून दिली होती. रंगाऱ्यांची रसायने ज्या भांड्यात शिजतात ते भांडे पुन्हा चुलीवर अन्नासाठी चढवत नाहीत. येथे मात्र रंगच पोटात घेण्याजोगा असल्याने त्या दुपारचे वरण त्याच पातेल्यात झाले.

वीसेक मिनिटांनी नातवाने डाव वर काढला आणि तो गप्प झाला. डावातले पाणी नितळ होते. घटकेपूर्वी जे पाणी चेरीच्या रंगाने गडद लाल दिसत होते त्यात आता लालीचा मागमूस नव्हता, आणि तळाशी लडी डाळिंबाच्या दाण्यासारखी तेजाळ झाली होती. ‘‘आजोबा, पाण्यातला रंग कुठे गेला?’’ हे दृश्य मी नोकरीत हजारदा पाहिले असेल. परंतु आमच्या दालनात हा प्रश्न कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही, कारण आम्हांला घाई असे ती धाग्याचा रंग उतरवून त्याचे नाव कागदावर लिहिण्याची.

*

दुसरी लडी द्राक्षाच्या पुड्यांत पडली आणि तिने सर्वांना फसवले. जांभळ्या पाण्यातून बाहेर आली ती कुठे गुलाबी, कुठे निळसर, कुठे मधल्याच रंगाची. नात हिरमुसली, पण मला हसू आवरेना. जांभळा असा वेगळा रंग त्या पुडीत नव्हताच. तांबडा आणि निळा हे दोन सोबती होते, आणि आम्लाच्या पाण्यात तांबड्याने घाई करून आधी जागा धरली, निळा सावकाश उरलेल्या जागी गेला. गाळणकागदावर एका ठिपक्याचे दोन ठिपके करून आम्ही जे सिद्ध करत असू तेच त्या पातेल्याने आपणहून करून दाखवले होते. हे समजावून सांगितल्यावर नातीने ती लडी सर्वांत चांगली ठरवली आणि तिचे नाव ‘भांडणारे द्राक्ष’ असे ठेवले.

तिसरी लडी लिंबाची. ती चुलीवर न चढवता मोठ्या काचेच्या बरणीत घालून, झाकण लावून, अंगणातल्या उन्हात ठेवली. सकाळी नऊला ठेवलेली बरणी मुले दर अर्ध्या तासाने जाऊन पाहत होती. संध्याकाळी पाणी बरेचसे निवळले आणि कैरीच्या सालीची छटा लोकरीवर आली.

मग धुण्याची पाळी आली, आणि तिथे नातवाच्या हातून प्रमाद घडला. गरम लडी पातेल्यातच निवू द्यावी आणि तेवढ्याच उष्णतेच्या पाण्यात हलक्या हाताने खळबळावी, असा नियम आहे. लोकरीच्या प्रत्येक केसावर माशासारखे सूक्ष्म खवले असतात. एकदम गारठा आणि चोळणे यांनी ते एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा होतो. आईची पाठ फिरताच त्याने लाल लडीचे एक टोक नळाच्या थंड पाण्याखाली धरून, आजी रुमाल घासते तसे घासले. ‘‘घासू नकोस रे बाळा!’’ म्हणून सौभाग्यवती धावल्या तोपर्यंत चार बोटे लांबीचा गोळा घट्ट झाला होता. तो कापून काढावा लागला, आणि नातवाने तो पेन्सिलीच्या टोकाला बसवून तिची टोपी केली.

*

लड्या वाळल्या तेव्हा नातीने त्यांना बांधलेले सुती दोरे सोडले आणि ते हातावर ठेवून माझ्यासमोर धरले. लोकर लालबुंद, आणि तिच्याच पाण्यात तेवढाच वेळ शिजलेला दोरा जवळजवळ पांढरा. ‘‘ह्याला का नाही लागला?’’

ह्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला प्रयोगशाळेचा आधार होता. लोकर म्हणजे केराटिन नावाचे प्रथिन. आम्लाच्या सान्निध्यात त्या प्रथिनाच्या साखळीवरील अमिनो गट धन विद्युद्भार धारण करतात. या जातीच्या रंगांच्या रेणूंवर सल्फोनेट गटांचा ऋण भार असतो. उष्णतेने केस फुगला की रेणू आत शिरतात आणि विरुद्ध भारांच्या ओढीने तेथेच राहतात. सूत म्हणजे सेल्युलोज. त्याच्याकडे या पाहुण्याला बसायला पाट नाही, म्हणून तो आला तसा धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. सुताशी पक्का रासायनिक बंध जोडणारे रंग निराळे, आणि ते बाजारात आले १९५६ साली. रेशीमही प्रथिनच असल्यामुळे लोकरीचा हा सोयरा तिथेही रमतो. आणि रंगपंचमीचा रंग सदऱ्यावरून निघाला तरी नखांवर आणि पिकल्या केसांवर दोन-दोन दिवस का रेंगाळतो याचेही उत्तर पुष्कळसे यातच आहे, कारण नखे आणि केस केराटिनचेच.

एवढे सांगेपर्यंत नातवाचे लक्ष उडाले होते. उरलेल्या एका पुडीचे त्याच्या आईने साखर घालून सरबत केले होते आणि ते पिऊन तो आरशासमोर उभा होता. त्याची जीभ रक्तासारखी लाल झाली होती. ‘‘आजोबा, माझी टंग पण लोकर आहे?’’ मी म्हटले, अगदी लोकर नव्हे, पण तिची नातलग आहे. जिभेवरही प्रथिन आहे, सरबतात आम्ल आहे आणि रंग तोच आहे. बर्फाचा गोळा खाऊन घरी येणाऱ्या मुलाची जीभ पाहून आई जे ताडते, तीच लोकरीची परीक्षा. फरक इतकाच की आईच्या अहवालावर अपील चालत नाही.

*

या पुडीची जन्मभूमी लिंकनपासून दीड-दोन तासांच्या मोटारीच्या वाटेवर आहे, हे कळल्यावर स्वस्थ बसवेना. हेस्टिंग्ज हे नेब्रास्कातले एक लहान शहर. तेथील संग्रहालयात या सरबताच्या इतिहासाला स्वतंत्र जागा दिलेली आहे, आणि दर ऑगस्टात गावात त्याच्या नावाचा उत्सव भरतो. १९९८ साली नेब्रास्काने कूल-एडला आपले अधिकृत शीतपेय म्हणून मान्यता दिली, म्हणजे जसा राज्यपक्षी तसे राज्यसरबत.

एडविन पर्किन्स हा या कथेचा नायक. १८८९ साली जन्मलेला हा मुलगा बापाच्या किराणा दुकानात वाढला, आणि लहानपणापासून त्याला घरच्या स्वयंपाकघरात नाना प्रकारचे अर्क, सुगंध आणि औषधे बनवण्याचा नाद होता. टपालाने माल विकण्याचा धंदा त्याने काढला, त्यात तंबाखू सोडवण्याचे एक औषधही होते. फ्रूट स्मॅक नावाचा फळांच्या स्वादाचा एक अर्क त्याच्या मालात चांगला खपे, पण अर्काच्या बाटल्या जड, वाहतुकीचा खर्च भारी, आणि त्या वाटेत फुटत. १९२७ साली त्याने अर्काचे पाणी काढून टाकून पूड केली, ती कागदी पाकिटात भरली, आणि बाटलीचे ओझे व फुटीचा तोटा या दोन्ही कटकटी एकाच वेळी मिटवल्या. सहा स्वाद होते : चेरी, द्राक्ष, लिंबू, संत्रे, रासबेरी आणि स्ट्रॉबेरी. पुडीची किंमत दहा सेंट होती. मंदीच्या काळात लोकांच्या हाती पैसा उरला नाही तेव्हा त्याने ती निम्मी केली. १९३१ साली कारखाना शिकागोला गेला आणि १९५३ साली तो धंदा जनरल फूड्स या मोठ्या कंपनीच्या स्वाधीन झाला.

संग्रहालयातून परतताना मला राहून राहून गंमत वाटत होती ती एका आडनावाची. या पर्किन्सच्या सुमारे सत्तर वर्षे आधी, १८५६ साली, लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने ईस्टरच्या सुटीत आपल्या घरच्या प्रयोगशाळेत हिवतापावरील क्विनाइन कृत्रिमरीत्या बनवण्याचा खटाटोप केला होता. क्विनाइन हाती आले नाही. आला एक काळा साका, जो मद्यार्कात विरघळताच सुंदर जांभळा दिसू लागला. पोराने त्यात रेशीम बुडवले, रंग टिकला, आणि कोळशाच्या डांबरातून रंग काढण्याचा धंदा जगात सुरू झाला. एकाचा नाद औषधाचा आणि लाभ रंगाचा. दुसऱ्याचा नाद सरबताचा आणि त्याची पुडी आज विणकाम करणाऱ्या बायकांच्या घरी रंगाच्या डब्यात. दोघांनीही पहिली पावले टाकली ती घरातच, आणि पोरवयात.

पर्किनच्या जांभळ्यामागून डांबराच्या वंशात शेकडो रंग जन्मले. त्यांतला टार्ट्राझीन १८८४ सालचा, योहान हाइनरिख झीगलर या रसायनज्ञाने शोधलेला. आणि त्याचे पहिले काम होते लोकर व रेशीम पिवळे करण्याचे. मिठाईवाल्यांनी आणि सरबतवाल्यांनी कापडाच्या पेठेतून हे रंग उसने नेले तेव्हा त्यांवर कोणाचा अंमल नव्हता. अमेरिकेत १९०६ च्या कायद्यानंतर सरकारने छाननी करून प्रथम सात रंगांची यादी मंजूर केली, आणि १९३८ च्या कायद्याने अन्न, औषधे आणि प्रसाधने यांच्या रंगांना रीतसर क्रमांक व शिक्के मिळाले. यलो ५ हे टार्ट्राझीनचे सरकार-दरबारचे नाव.

तेव्हा पुडीतला तो पिवळा रंग मुळात लोकरीच्या घरचा. सरबताकडे तो दिला गेला, तिथे नांदला, तिथल्या नावाने ओळखला जाऊ लागला. आणि एखादी नऊ वर्षांची मुलगी उन्हात बरणी ठेवते तेव्हा तो दिवसभरासाठी माहेरी येतो. माझ्या प्रयोगशाळेतही तो असाच माहेरी येत होता. लोकर पुढे केली की जिलबीच्या पाकातून उठून तो निमूट तिच्याकडे चालत येई. आम्ही मात्र त्याला आल्या पावली अमोनियाच्या पाण्यात उकळून तिथून हुसकावत होतो.

*

या माहेरपणाचे दिवस आता मोजके राहिले आहेत. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने खनिज तेलापासून बनणारे रंग अन्नातून हद्दपार करण्याचा मनोदय जाहीर केला, आणि जूनमध्ये कूल-एडच्या विद्यमान मालकांनी, म्हणजे क्राफ्ट हाइन्झ कंपनीने, २०२७ संपण्याच्या आत आपल्या अमेरिकेतील मालातून असे रंग काढण्याचे वचन दिले. अन्नाच्या परीक्षेत आयुष्य घालवलेल्या मला याचे वाईट वाटायचे कारण नाही; सरबताला रंगाशिवाय काही उणे पडत नाही. पण नातीने ही बातमी ऐकून जो प्रश्न केला तो तिच्या दृष्टीने रास्त होता : मग लोकरीचे काय?

म्हणून आम्ही उरलेल्या तुकड्यांवर दोन प्रयोग केले. बीटाच्या पाण्यात शिजवलेला तुकडा आधी किरमिजी दिसला आणि धुताच मळकट तपकिरी झाला. सौभाग्यवतींच्या मसाल्याच्या डब्यातल्या हळदीने मात्र पाहता पाहता लोकरीला सोनेरी केले, आणि सोबतच्या सुती दोऱ्यालाही, कारण हळद प्रथिन आणि कापूस असा भेद करत नाही. नातीने त्या पिवळ्या तुकड्यावर सोड्याचे पाणी टाकले तसा तो तांबडा झाला, आणि आजीने तिला सांगितले की हळदीला चुन्याची संगत देऊन पूर्वी कुंकू करत ते असेच. हळदीचा हाच तुकडा अर्धा झाकून आम्ही खिडकीत ठेवला. निघण्याच्या आठवड्यापर्यंत उघडी बाजू फिकट पिवळट झाली होती, आणि शेजारची लिंबाची लोकर मात्र पहिल्यासारखी होती. नातीने वहीत दोन रकाने आखून तसे लिहून ठेवले.

निघण्याच्या आदल्या रात्री सौभाग्यवती उशिरापर्यंत विणत बसल्या होत्या. ‘भांडणाऱ्या द्राक्षा’ची एक टोपी पुरी झाली, ती नातवाच्या डोक्यावर चढली, लाल लडीचा उरलेला गुंडा त्यांनी माझ्या पिशवीत टाकला. सासरी परत निघालेल्या मुलीच्या हाती आईबापांनी काहीतरी द्यावे ही आपल्याकडची रीत; या खेपेला मुलगी देत होती आणि पिशवी बापाची होती. मी नोकरीतल्या सवयीने कागदाची चिठ्ठी फाडली, तीवर तारीख आणि ‘नमुना क्रमांक १’ असे लिहिले, आणि अभिप्रायाच्या जागी काय लिहावे याचा विचार करत थांबलो. नातीने पेन्सिल माझ्या हातून घेतली आणि आपल्या मोठ्या, वाकड्या देवनागरीत लिहिले : मोजे.